घोडमोहाचा मेसेज

पहिलेच सांगून ठेवतो, असल्या गोष्टी मानणारा माणूस मी नाही. वय सत्तरच्या वर झालं, सारी जिंदगी जंगलात गेली. वाघाच्या ताज्या मागावरून चालत घरी आलो, मसणवट्यातून एकट्यानं बैल हाकत आणले. मला कधी काही दिसलं नाही आन कोणी हाकही मारली नाही. या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते माझी सून मला वाचून दाखवते. मी अर्ध्यातच म्हणतो — बस कर, त्या माणसाची झोप झाली नसन.

आता माझ्याच बाबतीत झालं तं लिहावं लागून राहिलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. वहीत मी लिहिलं, सुनेनं टाईप केलं. तिला बजावून सांगितलं की माझे शब्द सुधरवायचे नाही. सुधरवलेले दिसले तं चामोर्शीला जाऊन दुसऱ्याकडून टाईप करून घेईन.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण गावातल्या काही लोकांना आवडणार नाही. शेवटचं घर संपलं की धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की जंगल. जंगलात दोन नाले, एक लहान, एक मोठा. मोठ्या नाल्याच्या काठावर ते झाड आहे. आमच्या घरून पाऊण तासाची वाट. माझ्या पायानं पाऊण तास... शहरातल्या माणसानं दीड धरावा.

ज्यांना माहीत नसन त्यांच्यासाठी सांगतो. मोहाचं झाड जंगलात उभं असलं तरी ते कोणत्या ना कोणत्या घराचं असते. कागद नाही, सातबारा नाही, पण साऱ्या गावाला पाठ असते. फूल पहाटे पडते, ज्याचं झाड त्या घरानं वेचायचं. घरात कोणी आजारी असलं तं पाहुण्याला पाठवतात. मंग त्याच्या हाती आपल्या घरची टोपली देतात. आमच्या टोपलीच्या काठाला लाल चिंधी असते. वाटेत जो भेटन तो विचारते, "कोनाच्या घरचा?" पाहुण्यानं घर सांगितलं की कोणी अडवत नाही. सांगता नाही आलं तं रिकाम्या टोपलीनं परत.

माझी सून रोशनी. चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकली. मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे, सुट्टी भेटली की येते. रोशनी आमच्याजवळ राहते आन ओसरीत बसून लॅपटॉपवर काम करते, कारण इंटरनेट ओसरीतच नीट चालते. तिनं आमच्या आन आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभांसाठी एक साईट बनवली. कोणत्या घराची कोणती झाडं, हे त्यात लिहिलं. आपल्या मोबाईलवरून लॉगिन केलं की आपलीच झाडं दिसते, दुसऱ्याची नाही.

साईटचं खरं काम आगीचं होतं. मोहाखाली पाला असला की फूल दिसत नाही, म्हणून लोक पाला जाळतात. आमच्या बापानं जाळला, आम्ही जाळला. अन् ती आग कधी झाडाखाली थांबत नाही. मागच्या काही वर्षांत अर्धं जंगल काळं होऊन राहिलं होतं. म्हणून ग्रामसभेनं ठराव केला — जाळायचं नाही, खराट्यानं झाडायचं. आन रोशनीनं म्हटलं, वरून उपग्रहाला आग दिसते, ती माहिती आपल्या साईटवर आणू, आन ज्या घराच्या झाडाजवळ आग असन त्या घरालेच मेसेज पाठवू. साऱ्यांना साऱ्या आगीचे मेसेज गेले तं कोणी उठणार नाही. स्वतःच्या झाडाचा आला तं माणूस जेवण टाकून पळते.

आता भावाची गोष्ट. माझा मोठा भाऊ श्रावण. त्याचं घर आमच्या घराच्या समोर, मधात गल्ली. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. कारण तेच झाड. मोठ्या नाल्यावरचा जोडमोह, एका बुडातून दोन खोडं. वाटण्या झाल्या तेव्हा त्याचं नाव निघालं नाही. मी म्हटलं माझा, तो म्हणाला माझा. पंचांनी म्हटलं, अर्धा अर्धा घ्या. मी म्हटलं, झाड काय भाकर आहे का तोडायला?

साईटवर झाडं लिहिताना पुन्हा तेच. रोशनी म्हणाली, "मामाजी, एका झाडासमोर एकच घर लिहिता येते." मी म्हटलं माझं लिही. तिकडून श्रावणनं निरोप पाठवला की माझं लिही. शेवटी पंचांनी सांगितलं, दोघं एकमत होईपर्यंत ते झाड लिहूच नका. म्हणजे साऱ्या गावात ते एकच झाड साईटवर नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाव त्याला जोडमोह म्हणते. पण त्याची एक फांदी जमिनीशी आडवी गेली आहे, घोड्याच्या पाठीसारखी. लहानपणी मी आन श्रावण त्या फांदीवर बसून टाचा मारायचो. आम्ही त्याला घोडमोह म्हणायचो. आम्ही दोघंच. मोठे झालो, ते नाव सुटलं. माझ्या बायकोलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. आपल्या मोठेपणाला शोभत नाही म्हणून.

तर होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मोह पडायच्या बेतात. आन रोशनीचं काम अडलं होतं.

"मामाजी, आज चहा तुमीच ठेवा ना," ती म्हणाली. "माह्यं डोकं चालून नाई राह्यलं."

"काऊन? मशीन बिघडली का?"

"मशीन चांगली हाये. माह्या हातून चूक होऊन राह्यली आन सापडत नाई. चार दिवस झाले." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जसं काही मला समजणारच होतं. "हे पाहा. तुमी लॉगिन करता तवा साईटले मालूम पडते का मामाजी आले. मंग ते तुमची झाडं काढून देते. पण आगीचं काम मागच्या मागं चालते. दर तासाले, आपोआप. तवा कोनीच लॉगिन केलेलं नसते. ते काम जाते आन म्हणते, झाडं दे. साईट विचारते, कोनाची? त्याले सांगता येत नाई. मंग त्याले शून्य झाडं भेटते आन शून्य मेसेज जाते."

"मंग साऱ्याईची देऊन टाक."

"साऱ्याईची दिली तं याची झाडं त्याच्या मोबाईलवर जाईन. तुमच्या गावात डोके फुटन."

"गाव आता तुहंही हाये."

"म्हणूनच तं भेव वाटते!"

मी चहा ठेवला. आन तिला टोमणा मारायची संधी सोडली नाही — "एवढं शिकली, अन् तुह्या ह्या मागच्या मागं चालणाऱ्या नौकराले झाडं सापडत नाई." ती हसली नाही. कारण फूल पडायला लागलं की पाला जाळणारे निघणार, आन साईट अशीच मुकी राहिली तं लोक म्हणणार होते की सुनेनं गावाला फसवलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. रोशनी माझ्या बायकोला स्कूटीवर बसवून चामोर्शीला गेली. लॅपटॉप पिशवीत बंद करून आतल्या खोलीत ठेवला होता, मी डोळ्यानं पाहिला. मी ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसलो होतो. उन्हाची वेळ. गल्लीत कुत्रंही नव्हतं.

मोबाईल थरथरला. रोशनीनं माझ्यासाठी अक्षरं मोठी करून दिली आहेत. मी एक एक अक्षर लावत वाचलं.

घर — आन त्याच्यापुढे काहीच नाही. रिकामं.
झाड — घोडमोह.
आग जवळ आहे.

येथे बाकीचे लोक लिहितात की अंगावर काटा आला, छातीत धस्स झालं. माझं तसं काही झालं नाही. मला राग आला. असा राग आला की हातातला दोर मी फेकून दिला. मला वाटलं, श्रावणनं पंचांना फितवलं. माझ्या मागं जाऊन झाड आपल्या नावावर लिहिलं, आन लिहिताना नावही कोणतं दिलं, तं आमचं लहानपणचं! घराची जागा रिकामी का? तं मला समजू नये म्हणून.

मेसेज किती वाजता आला हे मी पाहिलं, भांडताना कामी येईन म्हणून. दोन वाजून दहा मिनिटं.

समोर श्रावणच्या दाराला कडी होती. म्हणजे तो झाडाजवळच. मी काठी घेतली, कुऱ्हाड घेतली आन निघालो. खरं सांगतो, आग विझवायला मी निघालो नव्हतो. आगीचा शब्द वाचला होता, पण डोक्यात घेतला नव्हता. मी भांडायला निघालो होतो.

लहान नाला ओलांडला तरी कुठी धूर नाही. वास नाही. मनात म्हटलं, पाहा, मेसेजही खोटा. मोठ्या नाल्याच्या अलीकडे आलो तेव्हा पहिला वास आला. चार पावलं पुढे गेलो आन दिसलं. सागाच्या वाळल्या पानांतून आग फडफड करत चालली होती. उंची गुडघ्याएवढी, पण तोंड सरळ जोडमोहाकडे. जवळ एक खराटा पडला होता. माणूस दिसत नव्हता.

मंग नाल्यातून आवाज आला, "कोन हाये बे तिकडं?"

अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द.

"तुहा बाप!" मी म्हटलं.

"माहा बाप तं तुहाई बाप होता! मजाक काऊन करतं, हात दे!"

नाला कोरडा होता. श्रावण काठावरून घसरून खाली पडला होता, घोटा सुजून भोपळ्यासारखा. आग काठाच्या वर दहा हातावर आन नाल्यातही पाला साचलेला. एक ठिणगी खाली आली असती तं तो जागच्या जागी... त्याला वर चढता येत नव्हतं. वाळूत त्याच्या हाताच्या खुणा होत्या, चार-पाच वेळा चढायला पाहिलं असन.

मी शेला खाली सोडला. त्यानं हाताला गुंडाळला. मी ओढलं. हाडं राहिली आहेत त्याची, पण तेव्हा मला तो धानाच्या पोत्याएवढा लागला. वर आला तं तोंड माझ्याकडे नाही, झाडाकडे.

"पहिले झाडाले वाचव!"

"गप बस. झाड कुठी पळून नाई चाललं."

"म्हणूनच तं म्हणतो ना बे! त्याले पळता नाई येत!"

मी पळसाच्या दोन हिरव्या डाहाळ्या तोडल्या, एक त्याच्या हाती दिली. तो बसून मारत होता, मी उभ्यानं. मंग खराटा घेऊन झाडाभोवतीचा पाला मागे लोटत गेलो, माती उघडी केली. धूर नाकातोंडात. माझ्या मिशीचा एक कोपरा जळाला, तो अजून नीट आला नाही. किती वेळ मारलं माहीत नाही. एका बाजूनं नाल्यानं आग अडवली, दुसऱ्या बाजूनं उघड्या मातीनं. शेवटी नुसता धूर राहिला. झाडाच्या एका खोडाची साल छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी पडली होती. आडवी फांदी वाचली होती.

दम खाऊन झाला आन मी मुद्द्यावर आलो.

"झाडावर आपलं नाव लावलं ना तू? साईटवर?"

"कोनतं नाव? मी काऊन लावू? तूच लावलं असन, सून तुही हाये!"

मी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. त्याला वाचता येत नाही हे रागात विसरलो.

"काय लिहिलं?"

"घोडमोह लिहिलं."

श्रावण हळूच म्हणाला, "हे नाव तू कोनाले सांगितलं?"

"म्या? मी कोनालेच नाई सांगितलं. तू सांगितलं."

"पोरालेई नाई सांगितलं बे म्या. लाज वाटे."

दोघंही आडव्या फांदीकडे पाहत बसलो. मंग त्यानं कमरेच्या पिशवीतून आपला बटणवाला फोन काढला. "मघाशी माहाई फोन थरथरला होता. कंपनीचा असन म्हणून परत ठेवला." मी बटणं दाबून पाहिलं. तोच मेसेज. घर रिकामं, झाड घोडमोह, आग जवळ आहे. वेळ — दोन वाजून दहा मिनिटं.

"बरं झालं," मी म्हटलं, "म्हंजे आग दिसल्याबरोबर दोघाईले आला."

तो मान हलवत होता. "नाई बे कवडू. नाई." अन् मंग त्यानं खरं सांगितलं. हे मी त्याला विचारून लिहून राहिलो, तो म्हणाला लिही. आग त्यानंच लावली होती. गुडघे दुखतात, वाकून झाडता येत नाही. माझ्याआधी झाडाखाली साफ करून ठेवायचं होतं, म्हणजे हक्क त्याचा दिसन. उन्हाच्या वेळी कोणी पाहणार नाही म्हणून तेव्हा आला. "फोन थरथरला तवा मी पाला लोटून राह्यलो होतो," तो म्हणाला. "मंग दोन बिड्या ओढल्या. बसल्या बसल्या इचार केला का जाळू का नाई. मंग काडी लावली. वारा फिरला, मी मागं सरकलो आन पडलो नाल्यात."

मी हिशेब लावला. मी पाऊण तास चाललो. वाळल्या पाल्यात आग पाऊण तासात झाडाच्या पार गेली असती, श्रावणच्याही. मी पोचलो तेव्हा ती नुकती पसरून राहिली होती. म्हणजे मेसेज आला तेव्हा आग नव्हती. काडी त्याच्या खिशात होती.

घरी यायला दिवस कलला. त्याचा हात माझ्या खांद्यावर. वाटेत तो दोनदा म्हणाला, "हळू चाल बे," आन मी दोनदा म्हटलं, "हळूच चालून राह्यलो."

रोशनी आन माझी बायको बाजारातून आल्या होत्या. श्रावण आमच्या ओसरीत बसलेला पाहून माझ्या बायकोच्या हातची पिशवी खाली पडली, कांदे गल्लीपर्यंत गेले. ती हळद गरम करायला आत गेली.

मी रोशनीला दोन्ही फोन दिले. तिनं मेसेज वाचले, मंग पुन्हा वाचले. "मामाजी, घोडमोह म्हंजे काय?" तिनं विचारलं. तेव्हा मला खात्री झाली की तिच्या हातचं हे काम नाही.

लॅपटॉप काढून ती तासभर बसली. त्यात एक लॉग असते, साईटनं कधी काय केलं त्याची नोंद. दोन वाजता आगीचं काम चाललं : झाडं शून्य, मेसेज शून्य. तीन वाजता : झाडं शून्य, मेसेज शून्य. दोन वाजून दहा मिनिटांनी तं काही चाललंच नव्हतं. साऱ्या गावांच्या झाडांत तिनं घोडमोह शोधलं, एकही नाही. जी कंपनी मेसेज पोचवते तिला विचारलं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की त्या वेळी तुमच्या साईटवरून काहीच गेलं नाही. आन उपग्रहाचा आगीचा ठिपका? तो सायंकाळी आला. बरोबर मोठ्या नाल्यावर.

रोशनीनं लॅपटॉपवरून हात काढून घेतले, जसं काही चटका बसला. "बाबा," ती श्रावणला म्हणाली, "जे काम झाडंच आणू शकत नाई, ते तुमाले मेसेज कसं पाठवन?" आन मंग तिनं त्यालाही सारं समजावलं — लॉगिन, मागच्या मागं चालणारं काम, साईट विचारते कोनाची, अन् कामाला सांगता येत नाही.

श्रावणच्या घोट्याला माझी बायको हळद लावून राहिली होती. तो डोळे मिटून ऐकत होता. ऐकून झालं आन म्हणाला, "बाई, मंग तू त्याले टोपली काऊन नाई देत?"

"कोनती टोपली?"

"नौकराले जंगलात धाडतं. वाटेत त्याले इचारते, कोनाच्या घरचा? घर सांगूनच नाई धाडलं, तं तो काय सांगन? धाडतानाच घर सांग. एका घराचं काम, एक टोपली. दुसऱ्या घराचं काम, दुसरी टोपली."

रोशनी म्हणाली, "म्हंजे काम लावतानाच त्याच्यासंग घर द्याचं... दर घराचं काम अलग... आन त्यानं त्याच घराची झाडं आणाची!" लगेच लिहायला बसली. जेवायला उठली नाही.

आता ही टोपलीची गोष्ट मला सुचायला पाहिजे होती. चार दिवस ती माझ्यासमोर रडकुंडीला आली होती, चहा मी करून दिला, आन सुचली ती श्रावणला, आल्या आल्या. हे लिहिताना अजूनही मला बरं वाटून नाही राहिलं. पण खरं आहे ते खरं आहे.

दुसऱ्या दिवसापासून साईट चालू झाली. ज्याचं झाड, त्याच घरी मेसेज. त्या मोसमात तीन ठिकाणी आग लागली, तिन्ही वेळा त्या त्या घरची माणसं डाहाळ्या घेऊन पोचली. एकाचा मेसेज दुसऱ्याला गेला नाही. लोक रोशनीला आता साईटवाली बाई म्हणतात, आन मी गल्लीतून जातो तं मला साईटवालीचा सासरा. चालते.

ग्रामसभेत श्रावण काठी टेकत उभा राहिला. कोणी विचारलं नव्हतं. म्हणाला, "मोठ्या नाल्यावरची आग माह्या हातची हाये." पंचांनी ठरवलं की त्यानं साऱ्या घरांना खराटे बांधून द्यायचे. त्यानं आमच्या ओसरीत बसून बांधले. दोर मी वळून दिला, कारण त्याला दोर वळता येत नाही, कधीच आला नाही.

मंग झाड लिहायची वेळ आली. रोशनीनं साईट उघडली. "झाड, जोडमोह," तिनं लिहिलं. घोडमोह लिहू द्यायला आम्ही दोघंही तयार झालो नाही, ते आमचं आहे. "घर कोनाचं लिहू?"

मी श्रावणकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. मेसेजमध्ये ती जागा रिकामी होती हे दोघांच्याही मनात होतं. तिथे त्याचं नाव असतं तं मी काठी घेऊन पंचांकडे भांडायला गेलो असतो. माझं असतं तं... मी पंचांकडे पेढे घेऊन गेलो असतो, जंगलात गेलो नसतो.

"रिकामं ठेव," श्रावण म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "रिकामंच ठेव."

"असं नाई करता येत," रोशनी म्हणाली. "घर रिकामं ठेवलं तं मागचं काम त्या झाडापर्यंत पोचणारच नाई. तेच तं चार दिवस होऊन राह्यलं होतं. रिकाम्या घराचं झाड त्याले कधीच सापडत नाई."

"त्या दिवशी तं सापडलं ना?" मी म्हटलं.

रोशनीनं त्या दिवसाचा लॉग पुन्हा उघडला, शून्यावर बोट ठेवलं. "याचं उत्तर माह्यापाशी नाई, मामाजी," ती म्हणाली.

माझ्यापाशीही नाही. लोकांनी नाना गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला जुना टेस्टचा मेसेज असन, पण टेस्टमध्ये घोडमोह आलं कुठून? एक मास्तर म्हणाले, तुम्ही कधी झोपेत बडबडले असाल. बडबडलो असन, पण मोबाईल काय झोपेतलं ऐकते? आन ऐकलं तरी श्रावण काडी लावणार हे, त्यानं ठरवायच्या आधी, कोणाला समजलं? कोणी देवाचं नाव घेतलं, मी हात जोडले आन विषय बदलवला. मला समजलं नाही ते मी समजलं म्हणून लिहिणार नाही. रोशनीला सांगून ठेवलं आहे की त्या दिवसाच्या लॉगमधले ते शून्य पुसायचे नाही. दोन्ही फोनमध्ये मेसेज अजून आहे. ज्याला पाहायचा असन त्यानं गावात यावं, चहा पाजीन.

रोशनीनं दोन दिवस खपून साईट बदलवली. आता एका झाडासमोर दोन घरं लिहिता येतात. आमचं पाहून गावातल्या आणखी तीन झाडांवर दोन-दोन घरं लागली. काळी पडलेली बाजू मेली असं मला वाटलं होतं, पण यंदा त्या खोडालाही फूल आलं. थोडं कमी, पण आलं.

फक्त दोन नावांत वर कोणाचं, खाली कोणाचं, हे अजून ठरलं नाही. तो म्हणते मोठा मी. मी म्हणतो सून माझी. रोज पहाटे फूल वेचून झालं की त्या आडव्या फांदीवर बसून आम्ही दोघं यावरच भांडतो.